तेरा की चौदा? आर्किमीडीय बहुफलकांच्या व्याख्येची समीक्षा

बहुफलकांच्या अभ्यासात एक विधान पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याचा आशय असा : ज्या बहिर्वक्र बहुफलकाची सर्व पृष्ठे सुसम बहुभुज आहेत, परंतु ती एकाच जातीची नाहीत, आणि ज्याच्या प्रत्येक शिरोबिंदूशी तीच पृष्ठे त्याच क्रमाने एकत्र येतात, ते आर्किमीडीय बहुफलक होय, चिती व प्रतिचिती ह्यांच्या दोन अनंत मालिका वगळल्यास अशी बहुफलके तेरा आहेत. ह्या विधानाचा पूर्वार्ध म्हणजे व्याख्या व उत्तरार्ध म्हणजे प्रमेय. दोहोंतील कोणताही भाग सुटा घेतला तर आक्षेपार्ह नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या जोडणीला. कारण वरील व्याख्या जशीच्या तशी पाळली तर उत्तर तेरा येत नाही, चौदा येते.

ब्रांको ग्रुनबाऊम ह्यांनी २००९ मध्ये ‘एलेमेंटे डेर माथेमाटिक’ ह्या नियतकालिकात एक निबंध लिहून ह्या विसंगतीवर बोट ठेवले आणि तिला चिरंजीव चूक असे नाव दिले. निबंध लहान आहे, त्यातील गणित पदवीच्या विद्यार्थ्यासही समजण्यासारखे आहे, आणि त्याचा सूर कडक आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः अनेक वर्षे वर्गात हीच व्याख्या फळ्यावर लिहिली आणि तिच्याखाली तेरा हा आकडा निःशंकपणे मांडला. म्हणून पुढील विवेचन एका परीने स्वतःच्या टिपणांची समीक्षाही आहे. ग्रुनबाऊम ह्यांचा आक्षेप बिनतोड आहे ह्यात शंका नाही. परंतु ही चूक का घडली आणि ती कशी दुरुस्त करावी, ह्या दोन प्रश्नांवर त्यांच्या निबंधापलीकडे जाऊन विचार करणे आवश्यक वाटते.

(१)

ह्या बाबतीत ग्रीकांपासून आरंभ करणे योग्य होईल. युक्लिडच्या तेराव्या खंडाच्या अखेरीस पाच सुसम बहुफलकांची रचना झाल्यावर असे म्हटले आहे, की परस्परांशी एकरूप अशा समभुज व समकोन आकृतींनी वेढलेले ह्या पाचांवाचून अन्य बहुफलक रचता येणार नाही. हे विधान शब्दशः घेतले तर असत्य आहे. दोन सुसम चतुष्फलके एका पृष्ठाशी पृष्ठ लावून जोडावीत. सहा समभुज त्रिकोणांनी वेढलेले एक बहिर्वक्र बहुफलक मिळते. त्याचे शिरोबिंदू ५, कडा ९ व पृष्ठे ६. सर्व पृष्ठे एकरूप आणि सुसम; तरीही ते पाचांपैकी नव्हे, कारण त्याच्या दोन टोकांशी तीन-तीन त्रिकोण येतात व मधल्या तीन शिरोबिंदूंशी चार-चार. फ्रॉइडेन्थाल व व्हान डर व्हार्डेन ह्यांनी १९४७ मध्ये सिद्ध केले, की केवळ समभुज त्रिकोणांनी वेढलेली बहिर्वक्र बहुफलके नेमकी आठ आहेत. त्यांपैकी तीन सुसम. म्हणजे युक्लिडचे वाक्य जसे लिहिले आहे तसे पाळले तर पाचाऐवजी दहा बहुफलके मान्य करावी लागतील.

युक्लिडची सिद्धता मात्र ढळत नाही. त्याने एका शिरोबिंदूशी तीन, चार वा पाच त्रिकोण, तीन चौरस किंवा तीन पंचकोन येऊ शकतात एवढेच दाखविले, आणि जे एका शिरोबिंदूचे तेच सर्वांचे हे अध्याहृत धरले. अध्याहृत अट मनात होती, वाक्यात नव्हती. आर्किमीडीय बहुफलकांच्या बाबतीत पुढे जे घडले त्याचे बीज येथेच आहे.

आर्किमीडीजचा ह्या विषयावरील ग्रंथ नष्ट झाला आहे. आपणांस जे ठाऊक आहे ते पॅपसने केलेल्या वर्णनावरून. त्याने तेरा आकृतींची नोंद केली ती पृष्ठसंख्येच्या क्रमाने : ८ पृष्ठांची एक, १४ पृष्ठांच्या तीन, २६ पृष्ठांच्या दोन, ३२ पृष्ठांच्या तीन, ३८ पृष्ठांची एक, ६२ पृष्ठांच्या दोन आणि ९२ पृष्ठांची एक. प्रत्येकीत कोणत्या जातीची किती पृष्ठे आहेत हेही तो सांगतो. पृष्ठे एकत्र कशी येतात हे त्या यादीत नाही.

पृष्ठांची अशी यादी बहुफलक निश्चित करण्यास पुरत नाही. घनाष्टफलकाचे उदाहरण घ्यावे. त्यात ८ त्रिकोण व ६ चौरस, शिरोबिंदू १२, कडा २४. प्रत्येक शिरोबिंदूशी त्रिकोण, चौरस, त्रिकोण, चौरस असा क्रम. हे बहुफलक एका षट्कोनी छेदाने दोन एकरूप अर्धांत विभागता येते. त्यांतील एक अर्ध जागेवर ठेवून दुसरे ६० अंशांनी फिरवून पुन्हा चिकटविले, तर पृष्ठे, कडा व शिरोबिंदू ह्यांची संख्या यत्किंचितही बदलत नाही. मात्र सांध्यावरील सहा शिरोबिंदूंशी आता दोन त्रिकोण लगत व दोन चौरस लगत येतात. म्हणजे पॅपसच्या शब्दांत बसणारी, परंतु परस्परांहून भिन्न अशी दोन बहुफलके अस्तित्वात आहेत.

संख्यांवर विसंबण्याचा प्रयत्न ऑयलरनेही केला. १७५० मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याने शिरोबिंदू, कडा व पृष्ठे ह्यांतील प्रसिद्ध संबंध कळविला. त्यावरील निबंध १७५८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपण त्या सूत्राकडे संस्थितिशास्त्राचा उगम म्हणून पाहतो, परंतु ऑयलरचा मूळ हेतू घनाकृतींचे वर्गीकरण हा होता. प्रतलातील बहुभुजाची जात बाजूंच्या संख्येने ठरते. घनाकृतींची जात ठरविण्यास तशीच काही मोजमापे मिळावीत, ही त्याची अपेक्षा. अपेक्षा सफल झाली नाही. घनाचे शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६. आता त्रिकोणी चितीचा एक कोपरा कापावा. मिळणाऱ्या आकृतीतही शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६ आहेत. परंतु पृष्ठे दोन त्रिकोण, दोन चौकोन व दोन पंचकोन अशी आहेत. सूत्र दोहोंनाही लागू पडते, दोहोंत भेद करीत नाही.

(२)

पृष्ठसंख्या अपुरी ठरल्यावर स्वाभाविक पुढची पायरी म्हणजे शिरोबिंदूभोवतीचा क्रम. घनाष्टफलक व त्याचे फिरविलेले रूप ह्यांतील भेद ह्या कसोटीने तत्काळ उघड होतो. म्हणूनच पाठ्यपुस्तकांनी ही कसोटी व्याख्येचा कणा मानली. प्रश्न एवढाच, की ती तरी पुरेशी आहे काय?

ज्या बहुफलकाच्या प्रत्येक शिरोबिंदूशी एक त्रिकोण व तीन चौरस येतात त्याचा विचार करू. सोयीसाठी त्यास ‘क’ म्हणू. त्यात ८ त्रिकोण व १८ चौरस, म्हणजे २६ पृष्ठे. शिरोबिंदू २४, कडा ४८. त्याची रचना तीन थरांत पाहता येते. मध्यभागी आठ चौरसांचा पट्टा. त्याच्या वर एक घुमट व खाली तसाच दुसरा घुमट. प्रत्येक घुमटाच्या माथ्यावर एक चौरस, आणि त्याच्याभोवती चार चौरस व चार त्रिकोण आलटून-पालटून. चौरसांची बेरीज ८ + ५ + ५ = १८, त्रिकोणांची ४ + ४ = ८. ‘क’मध्ये पट्ट्यातील ज्या चौरसाच्या वर घुमटाचा चौरस आहे त्याच्या खालीही घुमटाचा चौरसच आहे, आणि ज्याच्या वर त्रिकोण त्याच्या खालीही त्रिकोण.

आता खालचा घुमट ४५ अंशांनी फिरवून पुन्हा बसवू. ह्या नव्या बहुफलकास ‘ख’ म्हणू. पृष्ठे तीच, कडा त्याच, शिरोबिंदू तितकेच. शिरोबिंदूंभोवतीचा क्रम बदलला काय? येथे एक साधे निरीक्षण निर्णायक ठरते. कोणत्याही शिरोबिंदूशी येणारी चारही पृष्ठे एका घुमटात व मधल्या पट्ट्यात सामावलेली असतात. एकाच वेळी दोन्ही घुमटांना स्पर्श करणारा शिरोबिंदू नाही. वरचा घुमट व पट्टा मिळून होणारा भाग आपण हलविलेलाच नाही. खालच्या घुमटाबाबत पाहता, ४५ अंशांच्या परिवलनाने आठ चौरसांचा पट्टा स्वतःवरच येऊन बसतो. म्हणून खालचा घुमट व पट्टा मिळून होणारा भागही पूर्वीच्या भागाशी एकरूपच राहतो. तेव्हा ‘ख’च्या चोवीसही शिरोबिंदूंभोवतीची रचना ‘क’मधील रचनेशी एकरूप आहे. पृष्ठांचा क्रमच नव्हे, तर पृष्ठांमधील कोनही तेच आहेत.

तथापि ‘क’ व ‘ख’ भिन्न आहेत. ‘क’मध्ये कोणत्याही माथ्यावरील चौरसापासून निघावे आणि समोरासमोरच्या कडा ओलांडीत सरळ जावे, आठ चौरसांनंतर आपण मूळ जागी येतो. असे आठ चौरसांचे पट्टे ‘क’मध्ये तीन आहेत व ते परस्परांस लंब आहेत. ‘ख’मध्ये माथ्यावरून निघाल्यास घुमटाचा चौरस येतो, त्यानंतर मधल्या पट्ट्यातील चौरस येतो, आणि त्याची खालची कड ओलांडताच त्रिकोण आडवा येतो. पट्टा तुटला. ‘ख’मध्ये अखंड पट्टा एकच, तो मधला. ‘ख’ची कोणतीही सममिती त्या एकमेव पट्ट्यास स्वतःवरच नेणार, म्हणून पट्ट्यावरील १६ शिरोबिंदूंपैकी एकही, माथ्यांवरील ८ शिरोबिंदूंपैकी कोणाच्याही जागी जाऊ शकत नाही. ‘ख’चे शिरोबिंदू अशा रीतीने ८ व १६ अशा दोन कक्षांत विभागले जातात. गट सिद्धांताच्या भाषेत हेच एका ओळीत सांगता येते : ‘क’च्या सममिती गटाची कोटी ४८, ‘ख’च्या गटाची १६, चोवीस शिरोबिंदूंवर संक्रामक असणाऱ्या गटाच्या कोटीस २४ ने भाग गेला पाहिजे, आणि १६ ला तो जात नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. शिरोबिंदूभोवतीची रचना सर्वत्र समान असणे ही एक अट. आणि संपूर्ण बहुफलकास स्वतःवर आणणाऱ्या हालचालींनी कोणताही शिरोबिंदू कोणत्याही दुसऱ्याच्या जागी नेता येणे ही दुसरी अट. पहिली अट स्थानिक आहे, दुसरी सार्वत्रिक. दुसरीवरून पहिली निघते. पहिलीवरून दुसरी निघत नाही. पहिल्या अटीने बहुफलके चौदा, दुसऱ्या अटीने तेरा. पाठ्यपुस्तके व्याख्या पहिली देतात आणि आकडा दुसऱ्याचा देतात.

(३)

‘ख’ दृष्टीआड राहिले असते तर एक वेळ क्षम्य होते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. केप्लरने १६१९ च्या ‘हार्मोनिकेस मुंदी’च्या दुसऱ्या खंडात तेरा आकृतींची पद्धतशीर सिद्धता दिली, परंतु त्याआधी १६११ मध्ये षट्कोनी हिमकणावर लिहिलेल्या छोट्या निबंधात त्याने आर्किमीडीय आकृती चौदा असल्याचा उल्लेख केला आहे. तो आकडा ‘ख’मुळे आला की अन्य कशामुळे, हे त्या उल्लेखावरून ठरविता येत नाही. सॉमरव्हिलच्या १९०५ च्या निबंधात मात्र ‘ख’ निःसंदिग्धपणे आढळते. १९३० च्या सुमारास जे. सी. पी. मिलर ह्यांनी ‘क’ची प्रतिकृती करताना एक घुमट चुकून फिरवून चिकटविला आणि ‘ख’ पुन्हा जन्मास आले. १९५७ मध्ये अश्किनूझे ह्या रशियन लेखकाने त्यास चौदावे आर्किमीडीय बहुफलक म्हणून मान्यता द्यावी असे प्रतिपादन केले. १९६६ मध्ये नॉर्मन जॉन्सन ह्यांनी सुसम पृष्ठांच्या, परंतु शिरोबिंदूंवर संक्रामक नसलेल्या ९२ बहिर्वक्र बहुफलकांची यादी दिली, आणि त्या यादीच्या पूर्णतेची सिद्धता झालगालर ह्यांनी त्यानंतर लवकरच प्रसिद्ध केली. त्या यादीत ‘ख’चा क्रमांक ३७ आहे. अशा प्रकारे ‘ख’ला घर मिळाले, परंतु ते ‘इतरे जनां’च्या आळीत, आणि मुख्य वाड्याच्या दारावरची पाटी कोणी बदलली नाही.

अशा प्रकारच्या चुकीचे हे एकच उदाहरण नव्हे. फेदोरोव्हने १८८५ मध्ये एकरूप समभुज चौकोनांनी वेढलेल्या बहिर्वक्र बहुफलकांची गणना केली. तीत एक बहुफलक राहून गेले. ते १९६० मध्ये स्टांको बिलिन्स्की ह्यांनी दाखविले. त्याची पृष्ठे १२, कडा २४, शिरोबिंदू १४. केप्लरला परिचित असलेल्या समभुज-द्वादशफलकाचेही आकडे हेच, आणि पृष्ठांची मांडणीही तीच. भेद आहे तो चौकोनाच्या आकारात : जुन्यात कर्णांचे गुणोत्तर दोनाचे वर्गमूळ आहे, नव्यात ते सुवर्ण गुणोत्तर आहे. पंचाहत्तर वर्षे ह्या आकृतीकडे दुर्लक्ष झाले, कारण बारा समभुज चौकोन म्हटले की डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहत होती.

(४)

ग्रुनबाऊम ह्या सर्वांकडे लेखकांची बेफिकिरी म्हणून पाहतात. बेफिकिरी आहेच, परंतु एवढ्याने समाधान होत नाही. एवढी मोठमोठी माणसे एकाच जागी का घसरली, ह्याचे कारण विषयातच असले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते प्रतलाच्या फरसबंदीत सापडते. सुसम बहुभुजांनी, कडेला कड लावून, प्रतल असे आच्छादावे की प्रत्येक शिरोबिंदूशी तीच पृष्ठे त्याच क्रमाने यावीत : अशा फरसबंद्या नेमक्या अकरा आहेत, आणि त्या अकराही शिरोबिंदूंवर संक्रामक आहेत. म्हणजे प्रतलात स्थानिक अटीवरून सार्वत्रिक सममिती फुकटात मिळते. केप्लरने फरसबंदी व बहुफलके ह्यांचा विचार एकाच खंडात, एकाच पद्धतीने केला आहे. बहुफलकांतही ही पद्धत जवळजवळ सर्वत्र चालते. शिरोबिंदूभोवतीच्या क्रमाची जी जी चिन्हे संभवतात, त्यांपैकी एक सोडून बाकी सर्व चिन्हांस एकच बहुफलक मिळते. अपवाद एकटा : एक त्रिकोण व तीन चौरस. जो नियम एका जागेवाचून सर्वत्र खरा ठरतो तो नियम तपासून पाहण्याची सवय राहत नाही. ही चूक अज्ञानातून आलेली नाही; दीर्घकाळच्या यशातून आलेली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, एका आकृतीच्या नामकरणावरून एवढा खल कशासाठी? तेरा म्हणा वा चौदा म्हणा, आकृती आहेत त्याच राहणार. ह्या आक्षेपास उत्तर देणे अवश्य आहे, कारण स्थानिक सारखेपणा आणि सममिती ह्यांतील भेद कागदी प्रतिकृतींपुरता मर्यादित नाही.

१९८५ मध्ये क्रोटो, कर्ल व स्मॉली ह्यांना साठ कार्बन अणूंचा रेणू आढळला, आणि त्यांनी त्यास छिन्न विंशतिफलकाची रचना कल्पिली. ही तेरांपैकी एक आकृती, १२ पंचकोन व २० षट्कोन असलेली. ह्या कल्पनेचा महत्त्वाचा पुरावा १९९० मध्ये मिळाला. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटात कार्बनची एकच रेषा दिसली, म्हणजे साठही अणू सममितीने समतुल्य. ह्याच्याच शेजारचा सत्तर अणूंचा रेणू घ्यावा. त्यात १२ पंचकोन व २५ षट्कोन आहेत. शिरोबिंदूभोवतीची पृष्ठे पाहिली तर त्याचे अणू दोनच प्रकारचे : साठ अणूंशी एक पंचकोन व दोन षट्कोन येतात, उरलेल्या दहांशी तीन षट्कोन. परंतु त्याच्या वर्णपटात रेषा दोन नव्हेत, पाच दिसतात; कारण त्याच्या सममिती गटाखाली सत्तर शिरोबिंदूंच्या कक्षा पाच आहेत, तीन दहा-दहांच्या व दोन वीस-वीसांच्या. उपकरण पृष्ठे मोजीत नाही. ते कक्षा मोजते.

दुसरे उदाहरण फाशाचे. ‘ख’च्या परिवृत्त गोलास अनुसरून त्याचे द्वैती बहुफलक काढले तर २४ एकरूप पतंगाकृती पृष्ठांचे बहुफलक मिळते. सर्व पृष्ठे केंद्रापासून सारख्या अंतरावर, सर्वांचा आकार तोच. त्याचा फासा केला तर तो निष्पक्ष ठरेल काय? ‘क’पासून मिळणाऱ्या फाशाबाबत उत्तर निश्चित आहे : कोणतेही पृष्ठ कोणत्याही पृष्ठाच्या जागी नेणारी सममिती असल्यामुळे एका पृष्ठास दुसऱ्यापेक्षा अधिक संधी मिळण्याचे कारणच नाही. ‘ख’पासून मिळणाऱ्या फाशाबाबत हा युक्तिवाद करता येत नाही. पृष्ठे डोळ्यांना सारखी आहेत, परंतु एका पृष्ठावरून घरंगळताना शेजारी जे भेटते ते दुसऱ्या पृष्ठाच्या शेजाऱ्यांसारखे सर्वत्र नाही. सारखेपणा निष्पक्षतेची हमी देत नाही. हमी सममितीच देते.

ह्या दोन उदाहरणांवरून सार्वत्रिक अटच खरी व स्थानिक अट गौण, असा निर्णय द्यावासा वाटेल. तोही उतावीळपणा होईल. विषाणूंच्या कवचांचा विचार करताना कॅस्पर व क्लूग ह्यांना १९६२ मध्ये नेमका उलट प्रश्न पडला. विंशतिफलकाच्या परिवलन गटाची कोटी ६०. म्हणून सममितीने पूर्णतः समतुल्य असे घटक साठाहून अधिक बसविता येत नाहीत. पुष्कळ विषाणूंची कवचे मात्र एकाच जातीच्या १८० वा त्याहून अधिक घटकांची असतात. त्यांचे स्पष्टीकरण कॅस्पर व क्लूग ह्यांनी दिले ते असे, की घटक एकमेकांशी सममितीने निगडित नसले तरी त्यांचा शेजार जवळजवळ सारखा असतो, आणि जोडणीला तेवढे पुरते. प्रथिनाच्या घटकास संपूर्ण कवचाची सममिती ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो आपला शेजारी. तेथे वर्गीकरणाचे खरे एकक स्थानिक आहे. मिलर ह्यांच्या हातून ‘ख’ जन्मास आले तेही ह्याच न्यायाने : प्रत्येक कोपरा बरोबर जुळत गेला, आणि चूक संपूर्ण आकृती हातात आल्यावरच दिसली.

(५)

आता दुरुस्तीचा प्रश्न. ग्रुनबाऊम ह्यांची सूचना अशी, की ‘आर्किमीडीय’ हे नाव स्थानिक अटीस द्यावे व चौदा बहुफलके मानावीत. सार्वत्रिक अटीस ‘एकविध’ हे वेगळे नाव आहेच. सूचना तर्कशुद्ध आहे, कारण एका अटीस एक नाव हा नियम तीत पाळला जातो. मात्र आर्किमीडीजचा वारसा तिच्या बाजूने आहे असे म्हणता येत नाही. पॅपसच्या वर्णनात ना स्थानिक अट आहे ना सार्वत्रिक. २६ पृष्ठे, त्यांत ८ त्रिकोण व १८ चौरस, हे वर्णन ‘क’लाही लागू आहे आणि ‘ख’लाही. आर्किमीडीजच्या हातात दोहोंपैकी कोणते होते हे त्या शब्दांवरून कळत नाही. जुन्या नावाच्या आधारे नव्या अटीचा न्याय करणे म्हणूनच व्यर्थ होय. नाव कशालाही द्यावे. अट लिहावी, आणि मोजणी त्या अटीने करावी.

ही शिस्त पाळल्याचे एक उत्तम उदाहरण ह्याच विषयात आहे, आणि त्यात मिलर ह्यांचाच वाटा आहे. कॉक्सेटर, लाँगे-हिगिन्स व मिलर ह्यांनी १९५४ मध्ये एकविध बहुफलकांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठे एकमेकांना छेदून जाणारी बहुफलकेही येतात. त्यांची व्याख्या सममितीच्या भाषेत आहे, संदिग्ध नाही. आणि चिती व प्रतिचिती वगळून ७५ बहुफलकांची यादी देताना ती पूर्ण असल्याची सिद्धता आपणांजवळ नाही हे त्यांनी लपविले नाही. सिद्धता पुढे सोपोव्ह ह्यांनी १९७० मध्ये व स्किलिंग ह्यांनी १९७५ मध्ये दिली. यादी आधी व सिद्धता मागाहून, असा क्रम असूनही तेथे दुरुस्तीची वेळ आली नाही, कारण काय मोजीत आहोत हे पहिल्यापासून निश्चित होते. ज्या माणसाच्या हातून एक घुमट चुकून फिरला होता त्याने ‘समान शिरोबिंदू’ ह्या शब्दांचा अर्थ मोघम ठेवला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इम्रे लाकातोश ह्यांनी १९६३-६४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या व १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या संवादात ऑयलरच्या सूत्राचा इतिहास सांगितला आहे. प्रतिउदाहरण पुढे आले की गणिती त्यास राक्षस ठरवून व्याख्येच्या वेशीबाहेर काढतात, ही प्रवृत्ती त्यांनी मार्मिकपणे दाखविली. ‘ख’च्या बाबतीत घडले ते ह्याहूनही विचित्र. येथे राक्षसास बाहेर काढण्यासाठी व्याख्या बदलण्याचे कष्टही बहुतेकांनी घेतले नाहीत. व्याख्येचे दार उघडेच होते, राक्षस आत बसलेला होता, आणि मोजणारा त्यास न पाहता तेराच म्हणत पुढे जात होता.

पदव्युत्तर वर्गासाठी ह्यातून काढावयाचा बोध साधा आहे. तेरा हा आकडा शिकवावयाचा असेल तर शिरोबिंदूंवर संक्रामक असलेल्या सममिती गटाची अट व्याख्येत स्पष्ट घालावी; गटाची संकल्पना विद्यार्थ्यांस अद्याप परिचित नसेल तर स्थानिक अट द्यावी आणि चौदा म्हणावे. परंतु ह्याहून उपयुक्त मार्ग एक आहे. जाड कागदाचे दोन घुमट व आठ चौरसांचा एक पट्टा करून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, वरील व्याख्या फळ्यावर लिहावी, आणि ह्या तीन तुकड्यांपासून व्याख्येत बसणारी किती बहुफलके होतात ते त्यांनाच विचारावे. निम्म्या विद्यार्थ्यांच्या हाती ‘क’ येईल व निम्म्यांच्या हाती ‘ख’. दोहोंचे कोपरे कितीही निरखले तरी भेद सापडणार नाही. पट्टे मोजावयास सांगितले की सापडेल. व्याख्या आणि प्रमेय ह्यांच्यातील सांधा कोठे निखळला आहे हे त्या क्षणी जितके स्पष्ट होते, तितके ते फळ्यावरील कोणत्याही सिद्धतेने होत नाही.